तित्तर ओळखताना: आधी कान, मग कंठ

तित्तर बहुधा दिसतो तो पायाजवळच्या झुडपातून पंखांचा मोठा फडफडाट करत उडून जाताना, आणि तेवढ्या क्षणात तो राखी तित्तर होता की रंगीत, हे ठरवणे अवघड असते. दोन्ही पक्षी साधारण ३० सेंटिमीटर लांबीचे, गुबगुबीत अंगाचे व आखूड शेपटीचे असल्यामुळे आकारावरून अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

म्हणून ओळखीची सुरुवात आवाजापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. राखी तित्तराची हाक खणखणीत असते. तीन अक्षरांचा एकच तुकडा तो वेगाने पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. रंगीत तित्तराचा आवाज मात्र कर्कश आणि तुटक असून तो मुख्यतः पावसाळ्यात, विणीच्या काळात ऐकू येतो. त्या दिवसांत नर फांदीवर किंवा एखाद्या उंचवट्यावर बसून हाका देतो, आणि त्याला निवांतपणे पाहण्याची खरी संधी तीच. एरवी तो फारसा बोलत नाही. त्यामुळे हाक आली नाही, म्हणजे पक्षी तिथे नाही, असे मानू नये.

पक्षी उघड्यावर आला, की दुर्बीण प्रथम कंठावर रोखावी. राखी तित्तराच्या फिकट कंठाभोवती बारीक काळी रेघ असते आणि त्याच्या पोटावर नाजूक, गडद आडव्या रेषा असतात. रंगीत तित्तराच्या कंठाला अशी किनार नसते; नराचा चेहरा तांबूस असतो आणि काळ्या अंगावर पांढरे गोल ठिपके इतके ठसठशीत उमटलेले असतात, की चांगल्या प्रकाशात शंकेला जागाच उरत नाही. मादी तुलनेने फिकी व पांढुरक्या कंठाची असल्याने तिच्याबाबत घाई करू नये. पाय नीट दिसले, तर आणखी एक खूण मिळते: राखी नराच्या पायांना आर, म्हणजे मागच्या बाजूला टोकदार काटा, असते, रंगीत नराला ती नसते.

या दोन जातींच्या संकराच्याही नोंदी आहेत. त्यामुळे खुणा जुळत नसतील, तर वहीत केवळ ‘तित्तर’ एवढेच लिहावे. ती नोंद चुकीच्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी असते. मात्र खात्री करून घेण्यासाठी विणीच्या काळात ध्वनिमुद्रित हाक वाजवून नराला बाहेर काढणे मला अजिबात मान्य नाही, कारण आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून तो उगाच अस्वस्थ होतो.