कॅटफिशला औषधी खाद्य देताना: माझा अनुभव

चॅनल कॅटफिशच्या तळ्यात पाणी २२ ते २८ अंश सेल्सिअसच्या टप्प्यात आले की मी मरतुकीची वाट पाहत नाही, खाण्याकडे पाहतो. कालपर्यंत खाद्यावर तुटून पडणारे मासे आज दाणे तसेच सोडू लागले, तर त्याच दिवशी नमुने काढतो. औषध जायचे पोटातून आणि आजारी मासा सगळ्यात आधी खाणे सोडतो. उपचाराला वेळ मिळतो तो एवढाच.

या तापमानात पहिला संशय एडवर्डसिएला इक्टालुरी या जिवाणूचा. पोटाखाली टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, फुगलेले पोट, डोके वर करून लोंबकळणारे किंवा गरगर फिरणारे मासे, जुन्या दुखण्यात दोन डोळ्यांच्या मध्ये कवटीवर उघडी जखम. कल्ल्यांवर पिवळट-तपकिरी कुजलेले पट्टे दिसले तर तो कॉलमनॅरिस, हाही जिवाणूचाच रोग. अनेकदा दोन्ही एकत्र असतात. पण नुसत्या लक्षणांवर औषध ठरवू नये. पहाटेचा ऑक्सिजन, अमोनिया आणि नायट्राइट आधी मोजतो. नायट्राइट वाढून रक्त तपकिरी झाले असेल, तर त्यावर प्रतिजैविक काहीही करत नाही.

प्रयोगशाळेत मरणाला टेकलेले पण जिवंत चार-पाच मासे द्यायचे, मेलेले नाहीत. एडवर्डसिएला सावकाश वाढतो, प्रयोगशाळेच्या प्लेटवर त्याच्या वसाहती दिसायला दीड-दोन दिवस लागतात. मेलेल्या माशात शिरलेला एरोमोनास हा दुसरा जिवाणू त्याआधीच सगळी प्लेट व्यापतो आणि अहवाल चुकीच्या जिवाणूचा येतो. मूत्रपिंड आणि मेंदू दोन्हींतून नमुना घ्यायला सांगतो, सोबत कोणते औषध लागू पडते याची चाचणीही.

अहवाल आणि डॉक्टरांची लेखी चिठ्ठी हातात आली की हिशेब. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण मात्रा माशाच्या वजनावर असते आणि लोक ती खाद्याच्या वजनावर धरतात. समजा तळ्यात ४,००० किलो मासा आहे आणि फ्लॉरफेनिकॉल हे प्रतिजैविक किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, असे १० दिवस द्यायचे आहे. रोज ४० ग्रॅम शुद्ध औषध लागेल. ५० टक्के प्रीमिक्स (खाद्यात मिसळायची औषधाची भुकटी) असेल तर ८० ग्रॅम. मासे वजनाच्या १ टक्का खात असतील तर खाद्य ४० किलो, म्हणजे किलोला १ ग्रॅम शुद्ध औषध. खाणे अर्ध्या टक्क्यावर आले असेल तर २० किलोतच तेवढे औषध बसवावे लागते, किलोला २ ग्रॅम. म्हणून खाद्य मागवण्यापूर्वी साधे खाद्य टाकून मासे आज खरोखर किती खातात ते पाहतो. जुन्या नोंदीतला आकडा इथे चालत नाही.

शक्यतो तरंगणारे खाद्य घ्यावे, कोण खातो ते दिसते. फ्लॉरफेनिकॉल ते बनवतानाची उष्णता सोसते. ऑक्सिटेट्रासायक्लिन या दुसऱ्या प्रतिजैविकाचा जोर उष्णतेने उतरतो, म्हणून ते बहुधा बुडणाऱ्या गोळ्यांत मिळते. खाद्य सकाळी ऑक्सिजन चढल्यावर, तळ्याच्या जास्तीत जास्त भागावर पसरून टाकतो. एकाच कोपऱ्यात टाकले तर दांडगे मासे दुप्पट मात्रा घेतात आणि दुबळ्यांना काहीच मिळत नाही. त्या दिवसांत साधे खाद्य बंद.

पहिले काही दिवस मरतूक चालूच राहते. खाणे आधीच सोडलेले मासे मरणारच, औषध बाकीच्यांसाठी असते. मेलेले रोज काढावेत, कारण तेच खाऊन रोग पसरतो. मरतूक थांबली म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी औषधी खाद्य बंद करणे मला सगळ्यात घातक वाटते. अर्धवट मारलेले जिवाणूच पुढे औषधाला दाद देत नाहीत. पाचव्या दिवशीही मरतूक उतरली नाही, तर मात्रा मनाने वाढवायची नाही, पुन्हा नमुने द्यायचे. कारण बहुधा कमी खाणे, वजनाचा चुकलेला अंदाज, सोबतचा कॉलमनॅरिस किंवा औषधाला न जुमानणारा जिवाणू, यांपैकी एक निघते.

पाणी थोड्याच दिवसांत ३० अंशांवर जाणार असेल आणि मरतूक किरकोळ असेल, तर मी खाद्यच थांबवतो. उपाशी माशांत एडवर्डसिएलाचा रोग कमी फैलावतो आणि गरम पाण्यात ओसरतो.

विक्रीची तारीख शेवटच्या औषधी खाद्यापासून मोजायची. अमेरिकेतील लेबलवर कॅटफिशसाठी फ्लॉरफेनिकॉलला १५ आणि ऑक्सिटेट्रासायक्लिनला २१ दिवस आहेत. इतरत्र तिथला नियम लागू. शिल्लक पोती वेगळी, खूण करून ठेवतो, म्हणजे जाळे लावण्याच्या आठवड्यात ती चुकून तळ्यात जात नाहीत.