बापलेकांचे प्रोसेसर

चवथीच्या आदल्या दिवशी गोव्यात बांदोड्याच्या आमच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायचे काम चालू होते. माझे भावोजी शिडीवर उभे होते, भाचा खालून त्यांच्या हाती सुपारीचे घोस, आंबाडे आणि तोरिंगे देत होता, आणि दोघांचा वाद मात्र संगणकाचा प्रोसेसर, म्हणजे त्यातली सगळी आकडेमोड करणारी चिप, इंटेल कंपनीचा चांगला की एएमडीचा यावर रंगला होता. भावोजी पेंटियमच्या काळापासूनचे इंटेलवाले, तर फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणारा भाचा एएमडीच्या रायझनचा कट्टर पुरस्कर्ता. माझ्या घरात दोन संगणक आहेत आणि ते याच दोघांच्या सल्ल्याने घेतलेले आहेत: २०१३ साली भावोजींनी घ्यायला लावलेला इंटेलचा कोअर आय५-४५७० आणि नंतर भाच्याच्या हट्टापायी आलेला रायझन ५ ३६००. त्यामुळे दर चवथीला हा खटला माझ्यासमोर येतो आणि न्यायाधीशाची खुर्ची मला न मागता मिळते.

इतिहासाचे पुरावे दोघांपाशीही आहेत. आयबीएमने १९८१ साली आपल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी इंटेलचा ८०८८ प्रोसेसर निवडला, पण एकाच पुरवठादारावर विसंबून राहायला ती कंपनी तयार नव्हती; म्हणून इंटेलला १९८२ साली एएमडीशी करार करून आपल्याच चिपा दुसऱ्याला बनवू द्याव्या लागल्या. पुढे याच करारावरून दोघांत वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या. मार्च २००० मध्ये एक गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला एक अब्ज आवर्तनांचा, टप्पा एएमडीने इंटेलच्या दोनच दिवस आधी गाठला. त्याहून मोठी गोष्ट घडली २००३ साली. जुन्या आज्ञासंचाला, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांच्या यादीला, धक्का न लावता तिला ६४ बिटांपर्यंत वाढवण्याचे काम एएमडीने केले आणि इंटेलला पुढच्याच वर्षी तीच वाट धरावी लागली. भावोजींच्या संगणकासाठी मी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम उतरवून घेतली, तेव्हा फाईलच्या नावात ‘एएमडी६४’ (त्याच वाढवलेल्या आज्ञासंचाचे नाव) दिसताच ते घाबरले आणि ‘अरे, माझ्या इंटेलमध्ये हे कशाला घालतोस?’ असे त्यांनी मला दरडावून विचारले होते.

मात्र २०११ साली आलेली एएमडीची बुलडोझर रचना इंटेलच्या मागे पडली आणि मार्च २०१७ मध्ये पहिला रायझन बाजारात येईपर्यंत भावोजींना वाद घालायची गरजच उरली नव्हती. भाच्याचा पक्ष जन्माला आला तो तेव्हा. त्यानंतर दहाच महिन्यांनी, ३ जानेवारी २०१८ रोजी, मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरांमधले दोन सुरक्षादोष जगापुढे आले, आणि माझ्या मते तेव्हापासून ‘कोण वेगवान?’ हा प्रश्नच अपुरा ठरला आहे.

याचे कारण समजण्यासाठी फोंड्यातल्या एखाद्या जुन्या हॉटेलात सकाळी जाऊन बसावे. रोजचे गिऱ्हाईक दारात दिसले की पोऱ्या विचारायच्या आधीच पातळभाजी आणि पाव टेबलावर आणून ठेवतो. अंदाज बरोबर निघाला तर वेळ वाचतो. चुकला तर बशी परत जाते आणि हिशोबात काही चढत नाही. प्रोसेसरही तेच करतो. मुख्य मेमरीतून माहिती यायला त्याची शेकडो आवर्तने खर्ची पडतात, त्यामुळे तेवढा वेळ हातावर हात धरून बसण्यापेक्षा पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून तो काम उरकून घेतो आणि अंदाज चुकल्यास केलेले काम रद्द करतो. गोम अशी की बशी परत गेली तरी भाजीचे पातेले चुलीवरून उतरून पुढच्या फळीवर आलेले असते. दुसऱ्या कोणी लगेच भाजी मागितली आणि ती झटकन आली, तर मघाशी इथे भाजी मागवली गेली होती हे त्याला न विचारता कळते. प्रोसेसरमधली ती फळी म्हणजे कॅश. कुठली माहिती किती लवकर हाती आली एवढे काटेकोरपणे मोजले की दुसऱ्याचे गुपित अक्षराअक्षराने बाहेर काढता येते.

मेल्टडाउनमध्ये तर पोऱ्या मालकाच्या कुलूपबंद कपाटातली वस्तू आधी बाहेर काढी आणि परवानगी नंतर विचारी. साध्या प्रोग्रामला कर्नेलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, मेमरी वाचता येऊ लागली ती त्यामुळे. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांना हा दोष लागू होता, एएमडीच्या प्रोसेसरांना नव्हता, आणि या मुद्द्यावर भाच्याचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. खरे तर ही बातमी ९ जानेवारीपर्यंत दडवून ठेवायची असे ठरले होते. परंतु २६ डिसेंबर २०१७ रोजी एएमडीच्या एका अभियंत्याने लिनक्ससाठी पाठवलेल्या दुरुस्तीत आमच्या प्रोसेसरांना या दोषावरच्या बंदोबस्ताची गरज नाही असे कारणासह लिहिले, आणि जाणकारांना काय शिजते आहे त्याचा वास लागला. स्पेक्टर मात्र अंदाज बांधण्याच्या पद्धतीतच मुरलेला असल्यामुळे इंटेल, एएमडी आणि मोबाईलमधले एआरएम अशा तिघांनाही त्याने गाठले.

बंदोबस्ताची किंमत वेगाने चुकवावी लागली. मेल्टडाउनसाठी कर्नेलच्या मेमरीचा नकाशा प्रोग्रामच्या नकाशापासून वेगळा काढला गेला, म्हणजेच प्रत्येक सिस्टिम कॉलच्या वेळी, प्रोग्राम कर्नेलकडे काही मागतो तेव्हा, नकाशा बदलणे आले. व्हिडिओ बनवणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. डिस्कवर आणि नेटवर्कवर सतत बारीकसारीक मागण्या करणाऱ्या डेटाबेसला तो चांगलाच जाणवतो. मी एका सहकारी संस्थेचे हिशोब सांभाळतो. तिथल्या सर्व्हरवर महिनाअखेरची व्याजआकारणी रेंगाळते म्हणून एका तंत्रज्ञाने सगळे बंदोबस्त एका फटक्यात बंद करणारा ‘मिटिगेशन्स इक्वल टू ऑफ’ हा पर्याय घालून दिला आणि काम झाल्याच्या तोऱ्यात तो निघून गेला. वेग वाढला, यात शंका नाही. ठेवीदारांची खाती असलेल्या यंत्राची कुलपे काढून त्याला दुरुस्ती म्हणणाऱ्या माणसाचा मला आजही राग येतो. तो पर्याय मी त्याच संध्याकाळी काढून टाकला आणि व्याजआकारणी रात्री लावून ठेवायला सुरुवात केली.

एवढ्यावरून विजयाचा नारळ भाच्याने फोडावा, तर पुढची वर्षे त्याला अनुकूल नाहीत. जुलै २०२२ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी दाखवलेला रेटब्लीड हा दोष इंटेलच्या काही पिढ्यांबरोबर एएमडीच्या रायझनमागच्या झेन, झेन प्लस आणि झेन २ या रचनांनाही लागू होता. जुलै २०२३ मध्ये गूगलच्या टॅव्हिस ऑर्मंडी या संशोधकाने झेनब्लीड हा दोष उघडकीस आणला, तो तर खास झेन २ चा, म्हणजे माझ्या रायझनचाच. सर्व्हरच्या प्रोसेसरांसाठी दुरुस्ती लगेच मिळाली. डेस्कटॉपवाल्यांना मात्र डिसेंबरचा वायदा मिळाला. ऑगस्टमध्ये इंटेलच्या सहाव्या ते अकराव्या पिढीतला डाउनफॉल हा दोष समोर आला आणि त्याच्या बंदोबस्तामुळे काही विशिष्ट कामांचा वेग ५० टक्क्यांपर्यंत घटू शकतो हे खुद्द इंटेलने मान्य केले. समीक्षणांमध्ये तीन-चार टक्क्यांच्या फरकावरून एखाद्या प्रोसेसरला राजा ठरवले जाते आणि लोक त्यावर हिरिरीने भांडतात. ते आकडे कोणत्या महिन्यात, कोणत्या मायक्रोकोडवर (प्रोसेसरच्या आतल्या, नंतरही बदलता येणाऱ्या प्रोग्रामवर) आणि कोणते बंदोबस्त चालू ठेवून काढले, हे सांगितले नसेल तर मी पुढे वाचत नाही. आपण ज्याला वेग समजून पैसे मोजले, त्याचा काही हिस्सा तपासणी पुढे ढकलून मिळालेला होता आणि तो दोन्ही दुकानांतून विकला गेला.

आरत्या आटोपल्यावर त्या रात्री मी बापलेकांना दोन्ही संगणकांसमोर बसवले. लिनक्समध्ये ‘व्हल्नरेबिलिटीज’ नावाची एक फोल्डर असते आणि तिच्यात दोषागणिक एक छोटी फाईल असते; ती उघडली की आपला प्रोसेसर त्या दोषाला बळी पडतो का आणि पडत असल्यास काय बंदोबस्त केला आहे, हे एका ओळीत कळते. ‘मेल्टडाउन’ची फाईल उघडली. इंटेलवर उत्तर आले ‘मिटिगेशन: पीटीआय’, म्हणजे वेगळ्या नकाशाचा बंदोबस्त चालू; रायझनवर ‘नॉट अफेक्टेड’, म्हणजे दोष लागूच नाही. भाच्याने वडिलांकडे बघून भुवया उंचावल्या. मग मी ‘रेटब्लीड’ची फाईल उघडली. रायझनवर बंदोबस्ताची लांबलचक ओळ उमटली, आणि भावोजींच्या दहा वर्षांहून जुन्या आय५वर दोनच शब्द आले: ‘नॉट अफेक्टेड’.

‘मामा, तो इतका जुना आहे की पुढच्या पिढ्यांमधली ती भानगड त्याच्यात आलेलीच नाही,’ भाचा म्हणाला, आणि ते खरे होते. भावोजींनी चष्मा चढवला, ओळ पुन्हा एकदा वाचली आणि खिशातून फोन काढून तेवढ्याच पडद्याचा फोटो घेतला.