रुईवरची आणि घोळीवरची

दोन पावसाळे माझ्या फुलपाखरांच्या वहीत पाटणादेवीच्या पानांवर ‘प्लेन टायगर’ हेच नाव पडत होतं. नारिंगी पंख, पुढच्या टोकाला काळा रंग, त्यात पांढरा पट्टा. दिसलं की लिहिलं. स्ट्राइप्ड टायगरशी घोळ होत नाही, त्याच्या जाड काळ्या शिरा लांबूनही दिसतात. मी चुकत होतो ते डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्याच फुलपाखराच्या मादीपाशी.

प्लेन टायगरची अळी रुईची चिकाळ पानं खाते. त्या चिकातलं विष फुलपाखराच्या अंगात उतरतं आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. एगफ्लायच्या मादीजवळ हे विष नाही, पण रंग मात्र तिने हुबेहूब उचललाय. नर अगदीच निराळा: काळाभोर, त्यावर जांभळ्या झाकेचे मोठे पांढरे ठिपके. दोघं एका जातीचे हे सांगूनही पटत नाही.

भाद्रपदातली सकाळ. चाळीसगावहून पाटणादेवीला जाताना कपाशीच्या बांधाशी थांबलो होतो. एक ‘प्लेन टायगर’ जमिनीलगत घुटमळत होतं, मधेच एका पानाशी पोट वाकवून अंडं घालत होतं. आसपास रुईचं एकही झुडूप नाही. ते जाडसर पानांचं, भुईवर पसरलेलं रोप मला काही ओळखता येईना. निंदणी करणाऱ्या आजींनी विचारलं, “काय पाही ऱ्हायना भाऊ?” मी बोट दाखवलं.

“हाई ते घोयनी भाजी शे!”

घोळ! एगफ्लायची अळी घोळीवर वाढते हे मी वाचलं होतं, पण ताटात खाल्लेली घोळ रानात कधी नीट पाहिलीच नव्हती. अंगावर काटा आला.

घरी येऊन जुने सगळे फोटो काढले आणि फक्त मागचा पंख पाहायचा असं ठरवलं. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधल्या भागात काळे ठिपके असतात: मादीला तीन, नराला चार. एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेजवळ एकच, आणि तिच्या पंखाची कड किंचित नागमोडी. बसलेलं असताना हे मोजायला दोन-तीन सेकंद पुरतात. उडताना मोजू नये; मी तसंच करायचो. पकडून पाहायचा तर प्रश्नच नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्याचं तिला संरक्षण आहे.

जुन्या फोटोंत तीन एगफ्लाय निघाल्या. त्या नोंदी खोडून नव्याने लिहिल्या. दोन फोटोंत मागचा पंख गवताआड गेलाय, त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवलंय.

आठ दिवसांनी पुन्हा त्या बांधावर गेलो. आजींनी तेवढा तुकडा निंदायचा ठेवला होता. घोळीच्या देठावर काळी, फांद्या फुटलेल्या काट्यांची अळी चरत होती.