सव्वा मिनिटाची बातमी

आज शनिवार, सकाळची शाळा. दुपारी आम्ही ११ शिक्षक संगणक कक्षात व्हिडिओ एडिटिंग शिकायला बसलो. ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, मी दरवर्षी फळ्यावर 'बाळशास्त्री जांभेकर, दर्पण, १८३२' लिहिते. पण मुलं बातमीसाठी शूटिंग करून आणतात तेव्हा "बाई, आता पुढे?" याला माझ्याकडे उत्तर नसायचं.

सरावाला सातवीच्या मुलींनी आठवडी बाजारात घेतलेली मुलाखत होती. तब्बल ९ मिनिटं! काइनमास्टर या मोबाइलवरच्या एडिटिंग ॲपमध्ये घेतली आणि लावली कात्री. प्ले केलं तर भाजीवाल्या मावशी म्हणतात, "टोमॅटोचा भाव पडला की... लई बरं वाटतं." मधली चार वाक्यं गायब! सगळे खो खो हसले, मीही. मग घाम फुटला. भाव पडल्यावर माल फेकून द्यावा लागतो, हे सांगत होती बिचारी. बरं वाटतं ते मुली दुकानावर आल्या म्हणून!

नंतर शिकवणाऱ्या सरांनी दाखवलं, आवाज खाली तसाच ठेवायचा आणि वरच्या लेयरवर, म्हणजे थरावर, टोमॅटोच्या ढिगाचं दृश्य टाकायचं. जोड दिसतच नाही. (हे कळल्यावर मला बातम्या बघताना उगाच शंका येणार आहेत.)

साडेपाचला सव्वा मिनिटाचा व्हिडिओ तयार झाला. एक्सपोर्ट करताना मोबाइलची मेमरी फुल्ल. लेकीच्या वाढदिवसाचे डुप्लिकेट फोटो उडवले तेव्हा कुठे जमलं.

मुलींना पाठवला. दोन मिनिटांत उत्तर, "बाई, मावशींनी लिंबू फुकट दिलं तो भाग का काढला?"

सोमवारी परत बसतोय.