तिकडचं पाणी

मालिकेच्या नामावलीत कथा, पटकथा, संवाद अशी तीन वेगवेगळी नावं येतात. तिसरं माझं. म्हणजे काय घडणार ते आधीच ठरलेलं. माणसं ते कसं बोलतील एवढंच माझ्या हातात. बँकेत, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेल्या साठ्यात, भाग शिल्लक नसले (कधी असतात?) की सकाळच्या शिफ्टचे सीन मध्यरात्री व्हॉट्सॲपवर जातात.

त्या रात्री आलेली पटकथा मोजून चार ओळींची. धाकटीचं नेमणुकीचं पत्र स्पीड पोस्टानं येतं. पोस्टिंग गडचिरोली. थोरली सही करून घेते आणि लपवते. पुढे कंसात : वडिलांच्या काळजीपोटी.

तो कंस मला खुपला. वडिलांना अर्धांगवायू, हे कारण खरंच आहे. पण तेवढंच असतं तर ती पत्र हातात देऊन 'जाऊ नकोस' म्हणाली असती. लग्न मोडून घरी बसलेल्या बाईला धाकटीचं सुटणं बघवत नाही, आणि त्याच धाकटीवर तिचा जीवही आहे. दोन्ही एकाच वाक्यात आणायचं म्हटल्यावर मला झोप उडाल्याचा आनंदच झाला.

"कोण होतं गं ताई?"

"गॅसवाला."

मग तिला धाकटीच्या केसांना तेल लावायला बसवलं. हात प्रेमानं चालतायत, पत्र पिठाच्या डब्याखाली. आणि ती म्हणून गेली, "किती गळतायत! तिकडचं पाणी मानवायचं नाही तुला."

"तिकडचं? कुठलं?"

"होस्टेलचं गं. मागे गळायचे ना."

'तिकडचं' मी ठरवून लिहिलं नव्हतं. ते आलं आणि मी खुर्चीतून उठून खोलीत फेरी मारली. या धंद्यात मानधन उशिरा मिळतं, श्रेय तर मिळतच नाही. असल्या शब्दासाठी माणूस टिकतो.

सकाळी चॅनेलचा फोन. "नायिका निगेटिव्ह जातेय. शेवटी देवघरात रडू दे." मी म्हटलं, 'नरो वा कुंजरो वा' म्हणेपर्यंत धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, मला तो टेकल्यानंतरचा धर्मराज लिहायचाय. पलीकडे शांतता. मग, "गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, माहितीये ना?" ही मंडळी मूर्ख नसतात. त्यांची वाचनाची आवड माझ्याहून दांडगी असते, फक्त भीती त्याहून मोठी. आणि प्रेक्षक? सख्ख्या जावेचे निरोप गिळणाऱ्या बायकाही पडद्यावरच्या सुनेकडून हरिश्चंद्रपणा मागतात.

सेटवर थोरलीचं काम करणारी अभिनेत्री पानं घेऊन आली. "दादा, 'तिकडचं' तिच्या तोंडून चुकून निघतं, की आपण पकडलं जावं असं तिला वाटतंय?"

मला उत्तर देता आलं नाही. तिनं टेकमध्ये त्या शब्दानंतर विंचरणं थांबवलंच नाही, उलट गुंता जरा जोरात ओढला. धाकटी खरोखर कळवळली. दिग्दर्शकानं रिटेक मागितला नाही. देवघरातलं रडणं सेफ्टीला म्हणून घेतलंच. एडिटमध्ये काय राहील ते चॅनेल ठरवेल.

आज रात्री धाकटीला ते पत्र सापडायचंय. पटकथेप्रमाणे ती ते घेऊन ताईला जाब विचारते. माझ्या पानावर ती पत्र वाचते, घडी घालते आणि परत डब्याखाली सारते. का, ते मला अजून कळलेलं नाही. चॅनेलला सांगितलेलंही नाही.