दोन पट्ट्या, एक स्कोअर

२२ नोव्हेंबर २०२२. कतारच्या लुसैल स्टेडियमवर फुटबॉल विश्वचषकाचा सामना, अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया. मी दुबईतल्या एका वाहिनीच्या पीसीआरमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या नियंत्रण कक्षात, ग्राफिक्सवर होतो. आमच्याकडे पडद्याच्या तळाशी दोन टिकर, म्हणजे बातम्यांच्या सरकत्या पट्ट्या, धावायचे, वर इंग्रजी आणि खाली अरबी. इंग्रजी पट्टी डावीकडे सरकते, अरबी उजवीकडे. नव्या माणसाचे डोळे सुरुवातीला गरगरतात.

दहाव्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टीवर गोल केला आणि निकाल लागल्यासारखंच वाटलं. सलग ३६ सामने न हरलेला संघ तो! पण उत्तरार्धात ४८व्या मिनिटाला शेहरी, ५३व्या मिनिटाला दौसरी, आणि सौदी २-१ने पुढे. न्यूजरूममध्ये एकच आरडाओरडा झाला, ओळी धडाधड येऊ लागल्या. ओळ पडद्यावर जाण्याआधी प्रिव्ह्यूत बघतो तर इंग्रजी पट्टीत सौदी पुढे आणि अरबी पट्टीत अर्जेंटिना.

ओळ लिहिणाऱ्याचा क्रम बरोबर होता: सौदी, २, १, अर्जेंटिना. फक्त आकड्यांच्या मध्ये हायफनऐवजी कोलन होता. अरबी मजकूर उजवीकडून लागतो, पण त्यातली संख्या डावीकडूनच मांडली जाते. मध्ये जागा न सोडता कोलन दिला की संगणक '२:१' ही घड्याळातल्या वेळेसारखी एकच संख्या धरतो आणि ती अख्खी डावीकडून मांडतो. मग २ जाऊन बसतो अर्जेंटिनाशेजारी. हायफन दिला की आकडे सुटे राहतात, ज्याचा त्याच्याकडे जातात. मात्र आकड्याच्या लगेच आधी लॅटिन लिपीतलं नाव आलं, तर हायफनचाही भरवसा नाही.

मला धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. अर्जेंटिना २-१ने पुढे, हे कुणालाही सहज पटलं असतं. काही चुकलंय अशी शंकासुद्धा आली नसती. सौदी प्रेक्षकांना आपला संघ जिंकत असताना तो मागे असल्याचं आपल्याच भाषेत वाचायला लागावं, हे मला फार वाईट वाटलं असतं.

डेस्कवरच्या इजिप्शियन संपादकांना हाक मारली, "उस्ताझ (सर), जरा अरबी पट्टी बघा." ते धावत आले, मॉनिटरवर उजवीकडून बोट फिरवत ओळ वाचली आणि म्हणाले, "थांबव." हायफन टाकला, मगच ओळ सोडली.

पुढे त्यांनी आणि मी मिळून टेम्प्लेटच बदलून घेतलं. संघ, गोल, गोल, संघ अशा चार वेगळ्या चौकटी; स्कोअर वाक्यात लिहायचाच नाही. १८ डिसेंबरच्या अंतिम सामन्यात ३-३ला दिशा उलटली असती तरी बिघडलं नसतं. पेनल्टींत अर्जेंटिनाने फ्रान्सला ४-२ हरवलं, तो आकडा दोन्ही पट्ट्यांवर बरोबर गेला.