फ्लॉरेन्समधली आपली छत्री

कोल्हापुरात रंकाळ्याच्या कट्ट्यावर आमच्यातला एकजण टूरबरोबर अख्खा युरोप करून आलाय. आम्ही फ्लॉरेन्सला जाऊन आल्याचं कळल्यावर त्यानं पहिलंच विचारलं, "मायकेलअँजेलोचा तो डेव्हिडचा पुतळा बघितलास का?" म्हटलं, नाही. "मग दिवसभर काय केलास रं?"

मुलगा जर्मनीत असतो. त्याच्याबरोबर इटली ठरली तेव्हाच मी सांगितलं होतं, तिकिटाच्या रांगेत उभा राहणार नाही. बत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरच्या आतून रांगच बघितलीय.

तर सकाळी त्या मोठ्या कॅथेड्रलला निवांत प्रदक्षिणा घातली. ब्रुनेलेस्कीचा घुमट 1436 ला पुरा झाला. वर जायला 463 पायऱ्या. माझ्या गुडघ्यांनी खालूनच हात जोडले. मग पोंते वेक्यो. पुलावर दोन्ही बाजूंना सोनारांची दुकानं, म्हणजे आपली गुजरीच, फक्त खालून नदी वाहते. आधी तिथं खाटीक बसायचे. 1593 मध्ये ग्रँड ड्यूकनं त्यांना उठवून सोनार बसवले. ही प्रत्येक काचेपाशी थांबून एकच विचारत होती, "मजुरी किती घेत असतील हो?"

सांता क्रोचे चर्चच्या बाजूला एका भिंतीवर, माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर, एक पाटी दिसली. 4 नोव्हेंबर 1966, आर्नो नदीच्या पुराचं पाणी इथवर. आम्ही दोघं तिथं जरा जास्तच वेळ उभे राहिलो. मुलाला कळेना, काय बघताय म्हणून. 2019 च्या महापुराला तो इकडं नव्हता. शाहूपुरीतल्या आमच्या जिन्यात पंचगंगेची रेघ मी पेन्सिलीनं ओढून ठेवलीय. रंग काढताना पेंटरला तेवढी पट्टी सोडायला लावली.

जेवणाचं थोडक्यात सांगतो. तिकडच्या पावात मीठच नसतं. तशी पद्धतच आहे म्हणे. हिनं पर्समधून कांदा-लसूण चटणीची डबी काढली, वर ऑलिव्हचं तेल ओतलं, आणि जेवण लागी लागलं.

दुपारनंतर मात्र जायचं तिथं गेलो. कास्चिने नावाची बाग आहे, आर्नोच्या काठानं लांबच लांब पसरलेली. ट्रामनं उतरून चालत सुटलो. बाग संपतच नाही. अगदी टोकाला, मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथं, झाडांत एक छत्री उभी आहे. चार खांब, वर घुमट, आत रंगवलेला अर्धपुतळा. आपले कोल्हापूरचे राजाराम महाराज. राजर्षी शाहू महाराजांच्या आधीचे. इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 ला फ्लॉरेन्समध्ये गेले. वय अवघं वीस. त्या काळी तिथं दहनाची चाल नव्हती, खास परवानगी काढून याच संगमावर अग्नी दिला. छत्री 1874 ची. शेजारचा मोठा पूल अलीकडचा, पण त्याचंही नाव 'पोंते आल इंदियानो', त्या हिंदी माणसाचा पूल.

ही कठड्यापाशी खाली बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागली. म्हटलं, अगं, देऊळ नाही ते. "असूदे की." डबल गाठ होती, वेळ लागला. कुत्रं फिरवायला आलेला एक म्हातारा थांबून बघत राहिला. मोज्यांवरच तिनं नमस्कार केला. मग मुलाला सांगितलं, प्रयाग चिखलीला जातो तसाच हा संगम. तो म्हणाला, "आई, मी चिखलीला कधी गेलोय?"

परतताना त्याला म्हटलं, या छत्रीचा नकाशा ज्यानं काढला ना, तो इंग्रज मेजर मॅन्ट, त्याच माणसानं आपल्या टाऊन हॉलचा आणि नव्या राजवाड्याचा नकाशा काढला.

"नवा राजवाडा आतनं किती वेळा बघितलाय हो तुम्ही?" हिनं विचारलं.

एकदा. चौथीत असताना, शाळेच्या सहलीत.